दुसऱ्या भेटीला न आलेले

विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांतल्या वर्षभराच्या नोंदी चाळल्या, तर भेटींच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा दिसणारा आकडा बहुधा ‘एक’ असतो. सरासरी काढली की ती चार-पाचच्या घरात जाते, पण चिकाटीने येणाऱ्या थोड्यांनी ती वर ओढलेली असते. बाकीचे एकदा येतात, पाऊण तास बोलतात, कधी रडतातही, पुढच्या बुधवारची वेळ घेतात, ‘थँक यू मॅम’ म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. वादावादी झालेली नसते. उलट मॅडमना वाटलेलं असतं, की पहिली भेट छान झाली.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास गेली पन्नासेक वर्षं चालू आहे आणि त्यातला बहुतेक अमेरिकेतला आहे. आपल्याकडे तक्रार असते ती मुलं समुपदेशनाला येतच नाहीत, अशी. ती खरीही आहे. पण धीर करून आलेली मुलं पुढे कुठे जातात, हे विचारायचं राहूनच जातं. या पन्नास वर्षांच्या संशोधनातून काय हाती लागलं आणि त्यातलं आपल्या महाविद्यालयांना काय लागू पडतं, ते पाहू.

आधी गळतीचा आकार. 1993 मध्ये विअरझ्बिकी आणि पेकारिक यांनी 125 अभ्यास एकत्र करून मानसोपचार मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण 47 टक्क्यांच्या आसपास काढलं. 2012 मध्ये स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी 669 अभ्यास आणि 83 हजारांहून अधिक माणसं हिशेबात घेतली, तेव्हा ते 20 टक्क्यांवर आलं. वीस वर्षांत उपचारक दुपटीने हुशार झाले, असा याचा अर्थ काढायची घाई नको. अभ्यासांचे प्रकार बदलले होते आणि ‘मध्येच सोडलं’ कशाला म्हणायचं, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं होतं. ठरलेल्या भेटी पूर्ण न करणं, ही एक व्याख्या. ‘अजून यायला हवं होतं’ असं उपचारकाचं मत, ही दुसरी. या दुसऱ्या व्याख्येने मोजलं की गळती बहुधा फुगते. मात्र 2012 च्या आढाव्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या : वय जितकं कमी तितकी गळती जास्त, आणि विद्यापीठांशी जोडलेल्या केंद्रांत ती इतर ठिकाणांपेक्षा अधिक, 30 टक्क्यांच्या आसपास.

व्याख्येचा हा घोळ केवळ अभ्यासकांपुरता नाही. ‘अजून यायला हवं होतं’ हे मत देणारा माणूस टेबलाच्या एकाच बाजूला बसलेला असतो. पलीकडच्याला विचारलं तर? पेकारिकने सोडून गेलेल्यांना गाठून विचारलं, तेव्हा उत्तरांचे साधारण तीन गठ्ठे झाले : बरं वाटलं म्हणून थांबलो, उपचार किंवा उपचारक पटला नाही, आणि येणं जमलं नाही. पहिल्या गठ्ठ्यातली माणसं खरोखरच बरी होती. मोशे टॅलमन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात एकदाच येऊन गेलेल्या आपल्या दोनशे रुग्णांना फोन केले. त्यातल्या 78 टक्के जणांनी सांगितलं, की हवं ते त्या एका भेटीत मिळालं. 1990 मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अगदी संभवतं. परीक्षेच्या आधी छातीत धडधडतं म्हणून आलेल्या मुलीला आपलं डोकं फिरलेलं नाही, हे कोणीतरी शांतपणे सांगणं पुरतं. तिला गळतीत धरणं चूकच. पण या टेकूवर केंद्रांनी फार रेलू नये. 1986 मध्ये हॉवर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की निम्म्या लोकांत मोजता येण्याजोगी सुधारणा व्हायला साधारण आठ भेटी लागतात आणि तीन-चतुर्थांश लोकांत व्हायला सव्वीस. एका भेटीत भागलं म्हणणारे असतात, तसे एका भेटीत भागणं शक्यच नव्हतं असेही असतात, आणि दोघेही नोंदवहीत सारखेच दिसतात.

समुपदेशकाला तरी त्यांतला फरक कळतो का? अमेरिकेतल्याच एका विद्यापीठाच्या केंद्रातला, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला हॅनन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास याचं उत्तर देतो. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची अवस्था शेवटी बिघडेल, असा अंदाज उपचारकांना करायला सांगितला होता. 550 जणांपैकी तिघांची बिघडेल, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात 40 जणांची बिघडली. हे उपचारक नवखे नव्हते, निदान सगळे नव्हते. समोरचा माणूस जे दाखवत होता, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

मला या सगळ्या पसाऱ्यातली कळीची गोष्ट इथे दिसते. समुपदेशकाच्या समोर बसलेला माणूस फार सभ्य असतो. डेव्हिड रेनी या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात रुग्णांना त्यांच्याच भेटींच्या ध्वनिफिती ऐकवून ‘इथे मनात काय चाललं होतं?’ असं विचारलं. उपचारकाचं म्हणणं पटलेलं नसताना माना डोलावल्याचं, त्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसल्याचं लोकांनी कबूल केलं. 2016 मधल्या ब्लँचर्ड आणि फार्बर यांच्या पाहणीत 547 पैकी 93 टक्के जणांनी आपल्या उपचारकाशी कधी ना कधी खोटं बोलल्याचं सांगितलं. ही सगळी त्या समाजातली माणसं, जिथे विद्यार्थी प्राध्यापकाला नावाने हाक मारतो.

आता आपल्याकडे या. पहिलीपासून पदवीपर्यंत ‘कळलं का?’ या प्रश्नाला ‘हो सर’ हेच उत्तर असतं. मोठ्या माणसाला ‘तुमच्या बोलण्याचा मला उपयोग होत नाहीये’ असं तोंडावर सांगायची रीत आपल्या घरात नाही, वर्गात नाही, दवाखान्यात तर नाहीच. डॉक्टर पटला नाही तर आपण डॉक्टर बदलतो, त्याला सांगत नाही. विद्यार्थीही तेच करतो. न येणं हाच त्याचा नकार असतो, आणि त्याच्या दृष्टीने तो अदबीचा नकार असतो. नोंदवहीत मात्र त्यापुढे ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो. गळतीचा मोठा भाग मुलांच्या बेफिकिरीतून नव्हे, अशा न बोललेल्या नकारांतून येतो, असं माझं मत झालं आहे. बाकीची कारणं या नकाराला जागा करून देतात.

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाचा समुपदेशन कक्ष मी पाहिला आहे. एनएसएसच्या खोलीला लागून, दाराला अर्धी काच, काचेवर आतून वर्तमानपत्र डकवलेलं. दार उघडतं ते थेट व्हरांड्यात, जिथे परीक्षेचे फॉर्म भरायची रांग लागते. टेबलावर लांबट रजिस्टर : अनुक्रमांक, दिनांक, नाव, वर्ग, मोबाइल, ‘समस्येचे स्वरूप’, सही. त्या समस्येच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ असं लिहिलेलं आणि त्याखाली ओळीने ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. पानभर. मध्येच एकीने ‘घरगुती’ लिहून ते गिरवून खोडलं होतं आणि पुढे तीच खूण केली होती. पानावरचं प्रत्येक नाव पुढे येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येत होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो हक्क या रजिस्टरपर्यंत पोचलेला नव्हता.

हे रजिस्टर समस्येसाठी नव्हतंच, ते नॅकसाठी होतं. मूल्यांकनाला समिती येणार म्हटलं की फायली लागतात : किती विद्यार्थ्यांनी लाभ घेतला, कार्यशाळेचे जिओटॅग फोटो कुठे आहेत, मेंटॉर-मेंटी यादीवर सह्या आहेत का. या हिशेबात करिअर मार्गदर्शनाच्या भाषणाला बसलेले शंभर आणि दार लावून बोललेली एक मुलगी सहज एकाच बेरजेत जातात. आलेले मोजले जातात. परत आलेले मोजायची कोणाला गरज नसते.

शिवाय टेबलापलीकडे बसलेली व्यक्ती कोण? पुष्कळ महाविद्यालयांत मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेकडेच समुपदेशन कक्षाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. त्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देतात, हजेरी कमी असलेल्यांची यादी लावतात, कधी शिस्तपालन समितीवरही असतात. ‘हिला जरा मॅडमकडे पाठवा’ असं म्हणून वर्गशिक्षकांनी शिपायाकरवी बोलावलेली मुलगी त्या खोलीत शिरते ती आरोपी म्हणून. एक भेट ती देते, कारण न देऊन चालणार नसतं. दुसरीला येत नाही, आणि यात मला तिचं काही चुकलेलं दिसत नाही. मॅडमही वाईट नसतात. दोन टोप्या एका डोक्यावर ठेवायला त्यांना कोणी सांगितलं, हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारायचा आहे.

दुसरं कारण अपेक्षेचं. मुलगा येतो तो उपाय विचारायला. आपल्याकडे अडचण घेऊन ज्यांच्याकडे जायचं ती सगळी माणसं, मामा असोत, शाळेतले सर असोत की गावातले डॉक्टर, काहीतरी सांगतात. इथे मॅडम विचारतात, ‘तुला स्वतःला याबद्दल काय वाटतं?’ मुलगा मनात म्हणतो, मला काय वाटतं ते कळलं असतं तर इथे कशाला आलो असतो? समुपदेशनशास्त्रात सल्ला न देण्याला सबळ कारणं आहेत. पण ती कारणं समोरच्याला कोणी सांगत नाही. किती भेटी लागतील, पहिल्या दोन भेटींत निव्वळ ऐकणंच होईल, तिसऱ्यापासून काहीतरी करायला घेऊ, असं साधं वेळापत्रक मिळालं तरी फरक पडतो. स्विफ्ट आणि कॅलाहन यांनी 2011 मध्ये विद्यापीठाच्या प्रशिक्षण केंद्रात हेच करून पाहिलं. सुधारणेला साधारण किती भेटी लागतात, एवढंच ज्यांना आधी सांगितलं होतं ते इतरांपेक्षा जास्त दिवस टिकले. याहून स्वस्त उपाय सगळ्या संशोधनात मला दुसरा आढळला नाही.

मग वेळापत्रकाची बाजू. सत्रपद्धतीत सहा महिन्यांचं सत्र म्हणतात, पण प्रत्यक्षात शिकायचे आठवडे थोडे. गणपती, अंतर्गत चाचण्या, सबमिशन, व्हायवा, दिवाळीची सुट्टी, वसतिगृह रिकामं करा, परत येईपर्यंत एटीकेटीचे फॉर्म. दर आठवड्याला एकाच वेळी भेटायचं, हा समुपदेशनाचा मूळ साचा शहरातल्या नोकरदार माणसाच्या आयुष्यावर बेतलेला आहे. साडेचारच्या एसटीने गावी जाणाऱ्या मुलीला सव्वाचारची वेळ देणं म्हणजे न देणंच. करोनाच्या काळात ऑनलाइन भेटींनी हा प्रश्न सुटेल असं वाटलं होतं, काहींचा सुटलाही. पण तिघींच्या खोलीत राहणारी मुलगी फोन घेऊन गच्चीवर जाते, तिथे कपडे वाळत घालायला कोणीतरी येतं, ती ‘हो, ठीक आहे, नंतर बोलते’ म्हणते, आणि ते नंतर येत नाही.

पहिली आणि दुसरी भेट यांच्यातलं अंतर हे अमेरिकेतही दुखणं झालं आहे. पेन स्टेट विद्यापीठातून चालणाऱ्या विद्यार्थी मानसिक आरोग्य केंद्राच्या अहवालानुसार 2009-10 ते 2014-15 या काळात तिथल्या विद्यापीठांतली पटसंख्या 5 टक्क्यांनी वाढली, तर समुपदेशन केंद्रांचा वापर 30 ते 40 टक्क्यांनी वाढला. समुपदेशक त्या प्रमाणात वाढले नाहीत. मग पहिली भेट लगेच द्यायची आणि दुसरीसाठी तीन आठवडे थांबवायचं, असा मार्ग केंद्रं काढतात. एकविसाव्या वर्षी तीन आठवडे म्हणजे फार मोठा काळ. तेवढ्यात प्रेमभंग जुना होतो किंवा मुलगा पार कोलमडतो. शिकाऊ समुपदेशकांच्या केंद्रात आणखी एक भर पडते. आपल्याकडे एम.ए.च्या विद्यार्थिनी इंटर्नशिपसाठी येतात आणि वार्षिक परीक्षेच्या सुमारास जातात. ज्या मुलाने चार भेटींत जेमतेम वडिलांचा विषय काढला, त्याला पाचव्या भेटीत नव्या ताईला पहिल्यापासून सगळं सांगायचं असतं. तो का सांगेल?

जात आणि भाषा यांबद्दल आपल्याकडच्या समुपदेशनाच्या चर्चेत फार जपून बोललं जातं, म्हणून थोडं सविस्तर. 1977 मध्ये स्टॅनली सू यांनी सिएटल परिसरातल्या सतरा मानसिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या रुग्णांपैकी साधारण 30 टक्के पहिल्या भेटीनंतर आले नव्हते. कृष्णवर्णीय, आशियाई, मेक्सिकन वंशाच्या आणि मूळनिवासी रुग्णांत हेच प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास होतं. 1991 मध्ये त्यांनीच लॉस एंजेलिसच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा उपचारक आपल्याच समाजातला असेल तर लोक जास्त काळ टिकतात, असं आढळलं, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती त्यांच्या बाबतीत भाषा जुळण्याला विशेष महत्त्व होतं. हे अभ्यास विद्यार्थ्यांपुरते नव्हते, तरी त्यांचा बोध आपल्याला परका नाही. बीड-परभणीहून मुंबईच्या नामांकित संस्थेत राखीव जागेवर आलेला मुलगा समुपदेशकाला सांगतो, की मेसमध्ये त्याची प्रवेश परीक्षेतली रँक विचारतात आणि हसतात. समोरून इंग्रजीमिश्रित हिंदीत आत्मविश्वास वाढवायचे व्यायाम येतात. त्याचा त्रास आत्मविश्वासाच्या अभावातून आलेला नाही, समोरच्यांच्या वागण्यातून आलेला आहे, आणि हे ज्याला समजावून सांगावं लागतं त्याच्याकडे तो दुसऱ्यांदा जात नाही. अशा मुलाला आपल्यासारखीच समुपदेशक मिळण्याची शक्यता आज फारच थोडी आहे. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींचीही तीच तऱ्हा होते, फक्त तिथे जातीऐवजी व्हिसा, शैक्षणिक कर्ज आणि ‘घरी फोनवर काय सांगायचं’ हे विषय समजावून सांगावे लागतात.

पैसा आणि कलंक या दोन कारणांवर खूप लिहून झालं आहे. ती खरी आहेत. पण ती बहुधा न येण्याची कारणं आहेत. एकदा येऊन गेलेल्याने ती शीव आधीच ओलांडलेली असते. अपवाद एकच : समुपदेशकाने मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवलं, की ‘गोळ्या सुरू करतील’ आणि ‘घरी कळेल’ ही भीती नव्याने उभी राहते. बाहेर एका भेटीचे हजार-दीड हजार पडतात, ते वेगळेच.

मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या प्रश्नात न्यायालयाला पडावं लागलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या 1,764 महाराष्ट्रातल्या, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवा, ही त्यातली एक. चांगलंच झालं. पण पाच हजारांच्या महाविद्यालयातही एक नेमला की ‘निदान एक’ची पूर्तता होते. विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संस्था हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा म्हणते. आपल्याकडचा तो एक बऱ्याचदा तासिका तत्त्वावर, आठवड्यातून दोन दिवस येणारा. अशा समुपदेशकाला पहिल्या भेटी पुरवतानाच धाप लागते.

उपायांतलं बरंचसं साधं आहे. विद्यार्थ्याला कोणाशी आणि कशा पद्धतीने बोलायचं आहे, याची निवड देणं, हा त्यातला एक. 2018 मधल्या एका मोठ्या आढाव्यात निवड डावलली गेलेल्यांत गळतीची शक्यता पावणेदोन पटींहून जास्त दिसली. दर भेटीच्या शेवटी दोन ओळींचा कागद भरून घेणं : आज उपयोग झाला का, पुढच्या वेळी काय वेगळं हवं? ‘मॅडम, तुमचं पटलं नाही’ हे जे तोंडाने निघत नाही ते कागदावर निघतं, आणि तोंडावर न सांगण्याच्या आपल्या रीतीलाही धक्का लागत नाही. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने नैराश्यासाठी तयार केलेल्या कार्यक्रमात, ज्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, सहा ते आठ भेटींची मर्यादा सुरुवातीलाच ठरलेली होती, समुपदेशक स्थानिक भाषेत बोलणारे, प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते, आणि आरोग्य केंद्रात येणं जमत नसेल तर ते रुग्णाच्या घरी जात. तो कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी नव्हता. पण शेवट कुठे आहे हे आधीच माहीत असलं की मधूनच पळून जायचं कारण एकाने कमी होतं. ‘चार वेळा भेटू, चौथ्या वेळी पुढचं ठरवू’ असं म्हणायला महाविद्यालयाला अनुदान लागत नाही.

एवढं करूनही काही जण जाणारच, आणि त्यांच्यात एखादा असा असतो की ज्याने जायला नको होतं. त्याला फोन करावा, तर महाविद्यालयाचा नंबर पाहून तो घाबरतो. आईवडिलांना करावा, तर त्याचा विश्वास मोडतो. ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पण तिथे फोन त्यानेच करायचा असतो. या बाबतीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाचं काम मला मार्गदर्शक वाटतं. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या किंवा सोडलेल्या 843 जणांचे त्याने दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून दोन-चार ओळींचं पत्र जात राहिलं : तुम्ही इथे होतात, बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा. भेटीची वेळ नाही, प्रश्न नाही, सल्ला नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या दोन वर्षांत या गटातलं आत्महत्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच शहरांत आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांशी असाच थोडा-थोडा संपर्क ठेवून पाहिला. तिथेही मृत्यू कमी झाले.

आपल्या एखाद्या महाविद्यालयाने हे करायचं ठरवलं तर व्हॉट्सॲपवरही जमेल. अडचण माणसाची आहे. तासिका तत्त्वावरच्या समुपदेशकाची नेमणूक शैक्षणिक वर्षाबरोबर संपते, वसतिगृहही तेव्हाच रिकामं होतं, आणि निकाल सुट्टीत लागतात. त्या सुट्टीतला निरोप कोणी पाठवायचा आणि त्याला उत्तर आलं तर ते कोणी वाचायचं, हे जूनमध्ये नेमणूक करतानाच ठरवावं लागेल.